विसावा माणूस आला आणि एचआर उभं राहिलं: मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याचा दीड वर्षाचा अनुभव

बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतलं एक मशीन शॉप. व्हॉल्व्हचे सुटे भाग बनतात, भागीदारीतली फर्म आहे, दोन पाळ्या चालतात. जून २०२४ पर्यंत इथे एचआर असं काही नव्हतं. हजेरी मुकादमाच्या वहीत, उचल शेठच्या डायरीत, पगाराचा हिशेब अकाउंट्सच्या एक्सेलमध्ये आणि रजा तोंडी. माणसं वर्षानुवर्षं टिकलेली, त्यामुळे यात काही कमी आहे असं कुणाला वाटत नव्हतं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका मोठ्या ग्राहकाचं व्हेंडर ऑडिट, म्हणजे पुरवठादार म्हणून आमची तपासणी, झाली. मशीन, गेज, कॅलिब्रेशन सगळं पास झालं आणि गाडी शेवटच्या पानावर अडली: पीएफ कोड, नेमणूकपत्रं, पगारपावत्या, कामावरच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत तक्रार समिती. पूर्तता करायला नव्वद दिवस दिले होते. काम अकाउंट्सकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. आमच्यासारखी पंधरा-पंचवीस माणसांची शॉप्स बडोद्यात खूप आहेत, त्यातल्या कुणावर ही वेळ आली तर चाचपडायला लागू नये म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

पहिली चूक माणसं मोजण्यातच होती. पगारपत्रकावर १७ नावं होती, म्हणून पीएफ लागूच नाही असं सगळे धरून चालले होते. कायदा २० माणसांचा आहे, पण त्या विसांत ठेकेदाराची माणसंही येतात. दोन पॅकिंगवाले, एक सफाईवाला आणि रात्रीचा चौकीदार धरले की झाले २१. नुसतं ‘ट्रेनी’ म्हणून ठेवलेला मुलगाही मोजायचा. अप्रेंटिस कायद्याखाली रीतसर नोंद झालेला शिकाऊ तेवढा वगळतात. गेटवरचं रजिस्टर मागे मागे चाळत गेल्यावर कळलं की विसावा माणूस मे २०२४ च्या पहिल्याच आठवड्यात आत आला होता. ही तारीख महत्त्वाची, कारण पीएफ लागू होतो तो आकडा गाठला त्या दिवसापासून, आपण अर्ज केला त्या दिवसापासून नाही. आणि एकदा लागू झाला की माणसं पुढे पंधरावर आली तरी सुटत नाही. ठेकेदाराकडे स्वतःचा पीएफ कोड असेल तर दर महिन्याच्या वर्गणीचं चलन त्याने भरायचं, पण ते भरलं जातंय की नाही हे बघणं मूळ मालकाचंच काम. आमच्या ठेकेदाराकडे कोड नव्हता, म्हणून ती चारही माणसं आमच्याच यादीत आली.

९ जुलैला श्रम सुविधा पोर्टलवर नोंदणी केली. अलीकडे स्थापन झालेल्या कंपन्यांना हे कोड कंपनी नोंदवतानाच मिळतात. भागीदारी किंवा मालकीच्या फर्मला स्वतः अर्ज करावा लागतो. फर्मचं पॅन, भागीदारीपत्र, जागेचा पुरावा, कॅन्सल चेक, माणसांची यादी आणि भागीदाराची डिजिटल सही एवढं हाताशी ठेवून बसलं तर काम दोन तासांचं आहे. नोंदणीला सरकारी फी नाही. आमचा खर्च डिजिटल सहीचा, दोन वर्षांसाठी १,८०० रुपये. कन्सल्टंटने नोंदणीचे ६,००० सांगितले होते. एवढ्यासाठी त्याची गरज नाही, असं माझं मत आहे. त्याचा उपयोग पुढे पहिलं चलन तपासून घेताना झाला. पोर्टलवर ‘स्थापनेची तारीख’ आणि ‘लागू झाल्याची तारीख’ असे दोन वेगळे रकाने आहेत. पहिल्यात फर्म सुरू झाल्याची तारीख, दुसऱ्यात विसावा माणूस आल्याची. इथे अदलाबदल झाली तर मागच्या कितीतरी वर्षांची थकबाकी अंगावर येऊ शकते.

कोड मिळाला आणि सगळ्यात लांबलेलं काम सुरू झालं: नावं जुळवणं. प्रत्येकाचा यूएएन, म्हणजे बारा आकडी पीएफ नंबर, आधारवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळावा लागतो. गुजरातेत ही अडचण घरोघरी आहे. आधारवर ‘महेशभाई’, पॅनवर ‘महेशकुमार’, बँकेत नुसता ‘महेश’, शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी. कुणाच्या वडिलांच्या नावाला ‘भाई’ चिकटलेलं, कुणाच्या नाही. आपल्या मराठी माणसांत इंग्रजी स्पेलिंगचा घोळ: जाधव, साळुंके, शिर्के, प्रत्येक कागदावर एखादं अक्षर कमी-जास्त. जन्मतारखांचीही तीच गत, शाळेने लिहिलेली १ जून एका कागदावर आणि खरी तारीख दुसऱ्यावर. २१ जणांपैकी ९ जणांचं काही ना काही जुळत नव्हतं.

इथे घाई करू नका. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. त्यामुळे माणसाला आधार केंद्रावर पाठवण्याआधी त्याचे सगळे कागद टेबलावर मांडा, सगळ्यात जास्त कागदांवर कुठलं नाव आहे ते बघा, आणि उरलेले एक-दोन कागद त्या नावावर आणा. बहुतेकांच्या बाबतीत आधार न बदलता बँक किंवा पॅन बदलणं सोपं पडलं. ज्यांचं आधारच बदलावं लागलं त्यांची तेव्हाची फी ५० रुपये होती; ती कारखान्याने दिली आणि अर्धा दिवस भरपगारी दिला. एवढं केलं नाही तर माणूस जात नाही, कारण त्याच्या दृष्टीने तो खाडा असतो.

बँक खात्यांत आणखी एक गाठ निघाली. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या आणि २०२१ मध्ये त्यांच्या शाखांचे जुने आयएफएससी कोड बंद झाले. पण पासबुक जुनंच! देनाची खाती बडोद्यात घरोघरी होती. पासबुकावरून कोड उतरवला की केवायसी परत येतं. म्हणून कोड पासबुकावरून घ्यायचा नाही, माणसाला बँकेतून नवीन छापून आणायला सांगायचं.

तिसरी गोष्ट जुन्या यूएएनची. नोकरीला लागताना फॉर्म ११ भरून घेतात, त्यात ‘आधी पीएफ होता का’ असा प्रश्न असतो. बरेच जण ‘नाही’ लिहितात. लपवायचं म्हणून नाही. हालोलला कधीतरी आठ महिने काम केलं होतं, तिथे पीएफ कापला जायचा हे त्यांना माहीतच नसतं. आधार टाकलं की जुना नंबर निघतो, आणि जुन्या मालकाने सोडल्याची तारीख भरलेली नसते. अशा वेळी नवा नंबर काढायचा प्रयत्न करू नका, जुनाच पुढे चालवा. सोडल्याची तारीख शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सभासद स्वतः पोर्टलवर टाकू शकतो. हे फार कमी कामगारांना ठाऊक आहे. त्यांना मोबाइलवर शेजारी बसून दाखवावं लागतं. (१ ऑगस्ट २०२५ पासून नवीन यूएएन उमंग ॲपवर चेहरा दाखवून काढावा लागतो. शॉपफ्लोअरच्या उजेडात चेहरा नीट घेतला जात नाही. ऑफिसच्या खिडकीपाशी उभं करा.)

हे सगळं जुळवता जुळवता जुलै संपला. मे महिन्याचं चलन १५ जूनच्या आत जायला हवं होतं, ते ३१ जुलैला गेलं. उशिराच्या रकमेवर सालाना १२ टक्के व्याज आणि वर महिन्याला १ टक्का दंड. पण खरा भुर्दंड वेगळाच. मागच्या महिन्यांचा कामगाराचा हिस्सा पुढच्या पगारातून कापता येत नाही. ज्या महिन्याचा पगार, त्याच महिन्यात तो कापायचा असतो. मे आणि जूनचे दोन्ही हिस्से फर्मला स्वतःच्या खिशातून भरावे लागले. शेठना हे समजावताना बराच वेळ गेला, आणि त्यांचा राग बाजूला ठेवून आकडे पुन्हा पुन्हा मांडावे लागले. शेवटी तेच म्हणाले, “चूक आपली आहे, तर कामगाराच्या ताटातून नको.”

जुलैच्या पगारापासून कपात सुरू होणार होती, म्हणून २६ जुलैला दोन्ही पाळ्यांना एकत्र बसवलं. आधीची रात्र झोप नीट लागली नव्हती. १५,००० रुपये मूळ पगाराच्या माणसाला सांगायचं होतं की हातात १,८०० कमी येणार. फळ्यावर मांडलं ते असं: तुझ्या पगाराचे १२ टक्के म्हणजे १,८००. शेठकडून तितकेच, त्यातले १,२५० पेन्शन खात्यात आणि ५५० पीएफमध्ये. शिवाय शेठ विम्याचे ७५ आणि प्रशासनाचे ७५ वेगळे भरतात. त्यातलं तुझं काही नाही. नोकरीत असताना माणूस गेला तर त्या विम्यातून घरच्यांना ७ लाखांपर्यंत मिळू शकतात. दहा वर्षं भरली तर ५८ व्या वर्षापासून पेन्शन. विम्याच्या ओळीवर सगळे शांत झाले. मग मागच्या रांगेतून एकाने विचारलं, “ताई, तुम्ही आमच्या बाजूचे की शेठच्या?”

या प्रश्नाचं उत्तर एचआरचं काम करणाऱ्या प्रत्येकाने खरं द्यावं असं मला मनापासून वाटतं. पगार शेठ देतात, निर्णय शेठ घेतात, एचआर युनियन नाही. पण जे ठरलं आहे ते कागदावर आणणं, दोघांच्या सह्या घेणं, आणि ठरल्याप्रमाणे होत नसेल तेव्हा शेठच्या केबिनमध्ये जाऊन तसं सांगणं, हे एचआरचं काम आहे. त्या दिवशी एवढंच सांगितलं. कारखाना कायद्यात ५०० किंवा जास्त कामगार असले की कल्याण अधिकारी नेमायची सक्ती होती, मोठ्या कारखान्यांतलं एचआर बरंचसं तिथून वाढत आलं. बडोद्याच्या आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या समाजकार्य विद्याशाखेतून शिकलेली मुलं त्या जागांवर जातात. वीस माणसांच्या शॉपला तसा माणूस परवडत नाही, म्हणून ते काम कुणाच्या तरी अंगावर पडतं. पडलं की ते नीट शिकून घ्यावं.

जुलैचं चलन भरायची शेवटची तारीख १५ ऑगस्ट, आणि त्या दिवशी बँका बंद. १४ ला संध्याकाळी फाइल चढवली तर दोनदा परत आली: एकदा एका माणसाचा बिनपगारी खाड्यांचा रकाना रिकामा म्हणून, एकदा पेन्शनच्या रकमेत एक रुपयाचा फरक म्हणून. पैसे रात्री गेले. तेव्हापासून नियम केला आहे: ७ तारखेला पगार, ८ ला फाइल, १० ला पैसे. एक दिवसाचा उशीरही महागात जायचा, कारण तेव्हाच्या नियमाने कामगाराकडून कापलेला हिस्सा मुदतीत भरला नाही तर आयकरात तो खर्च म्हणून मिळत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये हे स्पष्ट केलं होतं.

सप्टेंबर गेला नेमणूकपत्रांत. एक पान, गुजरातीत. ज्यांना हवं त्यांना हिंदीत. पद, रुजू झाल्याची तारीख, पगाराची फोड, पाळी, साप्ताहिक सुट्टी, प्रोबेशन किती महिने, नोटीस किती दिवस. जुन्या माणसांना पत्र देताना रुजू होण्याची तारीख आजची टाकायचा मोह होतो. तो टाळा. बारा वर्षं काम केलेल्या माणसाच्या पत्रावर २०२४ लिहिलं तर त्याची ग्रॅच्युइटी कागदावरून पुसली जाते. हिशेब साधा आहे: शेवटचा मूळ पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. १५,००० वर सात वर्षांचे ६०,५७७ होतात. जुन्या तारखा शोधायला मुकादमाच्या वह्या, दिवाळीच्या बोनसच्या याद्या आणि ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) नोंद कामाला आली. पत्राच्या दोन प्रती काढा, एकीवर ‘प्रत मिळाली’ असं लिहून सही घ्या.

पगाराची फोड करताना कन्सल्टंटने मूळ पगार ८,००० आणि बाकी ‘विशेष भत्ता’ दाखवायचा सल्ला दिला होता, पीएफ कमी बसावा म्हणून. तो घेतला नाही. सगळ्यांना सरसकट दर महिन्याला मिळणारा भत्ता पीएफसाठी पगारातच धरायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल फेब्रुवारी २०१९ पासून आहे. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी, म्हणजे नव्या कामगार कायद्यांनी, तर भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त झाले की वरची रक्कम पगारात मोजायची असं ठरवूनच टाकलं आहे. ज्यांनी तेव्हा फोड सरळ ठेवली, त्यांना आता काही हलवावं लागलं नाही.

व्यवसाय वेरो, म्हणजे व्यवसाय कर, लवकर उरकला: १२,००० च्या वर पगार असेल तर महिन्याला २००, महापालिकेकडे भरायचा. फर्मची स्वतःची नोंदणी वेगळी आणि कामगारांच्या कपातीची वेगळी, हे ध्यानात ठेवा.

ईएसआयचा कोड आधीपासून होता, कारण तिथे मर्यादा १० माणसांची आहे. पण नोंदी अर्धवट होत्या. कामगारांची नावं होती, बायकामुलांची नव्हती. २१,००० पर्यंत पगार असलेल्याचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के दर महिन्याला जात होते, आणि घरचं माणूस दवाखान्यात गेलं की नाव नाही म्हणून परत येत होतं. कुटुंबाचे फोटो आणि आधार गोळा करायला ऑक्टोबरचे तीन शनिवार लागले. नवरात्रात हे काम काढू नका, रात्री गरबा खेळून आलेला माणूस कागद विसरतोच. आणखी एक चूक सर्रास होते: वर्षाच्या मध्ये पगार २१,००० च्या वर गेला की लगेच कपात थांबवतात. तसं करायचं नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन वर्गणी-काळ आहेत. चालू काळ संपेपर्यंत कपात चालू ठेवायची, नाहीतर त्या माणसाचे पुढचे लाभ अडकतात.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात डिबरिंगच्या (भागांच्या धारदार कडा घासायच्या) टेबलावर एका नवीन हेल्परच्या बोटाला जबर मार बसला. कामावर येऊन चौथा दिवस. त्याचा ईएसआय नंबर पहिल्याच दिवशी काढला होता, म्हणून सरळ गोत्रीच्या ईएसआय रुग्णालयात नेता आलं. नोंदणीला कायद्याने दहा दिवस मिळतात, पण ते घेऊ नका. अपघातानंतर काढलेल्या नंबरावर चौकशी लागते आणि तोवर तो माणूस टांगलेला राहतो. अपघाताची माहिती २४ तासांच्या आत द्यायची, आणि दुखापत गंभीर असेल तर ताबडतोब. कारखान्याच्या अपघात-वहीत वेळ, मशीन, काय करत होता आणि कुणी पाहिलं हे त्याच दिवशी लिहायचं. कामावरच्या दुखापतीत रोजच्या सरासरी पगाराच्या ९० टक्के मिळतात, त्याला किती दिवस वर्गणी भरली याची अट नाही. साध्या आजारपणात ७० टक्के, आणि तिथे वर्गणी-काळातले ७८ दिवस भरलेले हवेत. त्या हेल्परचे पैसे मात्र दीड महिना अडकले. कारण पुन्हा तेच, देनाच्या पासबुकातला जुना कोड. घाईत तो तपासायचा राहिला होता. घर चालावं म्हणून मधल्या काळात शेठनी उचल दिली आणि ती पुढे सहा हप्त्यांत वळती केली.

डिसेंबरात अंतर्गत तक्रार समिती झाली. ‘आमच्याकडे चारच बायका आहेत’ हे कारण चालत नाही. एकूण दहा माणसं असली की समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, कामगारांतले किमान दोघं, एक बाहेरचा सदस्य, आणि एकूण निम्म्या तरी स्त्रिया. बाहेरचा सदस्य शोधायला पाच आठवडे गेले. शेठच्या ओळखीतल्या कुणाचं तरी नाव टाकणं सोपं होतं, पण मग पॅकिंगवरची बाई त्यांच्यासमोर बोलणार नाही. शेवटी स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या एका संस्थेतल्या बाई तयार झाल्या. समितीची नावं पाण्याच्या कूलरपाशी लावली आहेत, ऑफिसच्या आत नाही. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची, हेही त्याच कागदावर गुजरातीत आहे.

रजेचा तक्ता जानेवारी २०२५ मध्ये लावला. उत्तरायणचे दोन दिवस सगळ्यांना हवे असतात, त्यावर वाद नाही. अवघड आहे होळी. दाहोद, छोटा उदेपूरकडची माणसं होळीला गावी जातातच, आणि आठ-दहा दिवस येत नाहीत. पूर्वी ते खाडे लागायचे, भांडणं व्हायची. आता फेब्रुवारीतच नावं घेऊन हक्काची रजा तिथे लावतो आणि त्या आठवड्याच्या ऑर्डर आधी काढतो. एवढ्या एका बदलाने मार्चची भांडणं थांबली. माझ्या मते ऑडिटच्या पूर्ण यादीपेक्षा याचा उपयोग जास्त झाला.

एप्रिलमध्ये एक टर्नर सोडून गेला, तेव्हा शेवटची पायरी कळली. उरलेला पगार, शिल्लक रजेचे पैसे, बोनसचा हिस्सा, उचल वजा, आणि अनुभवपत्र. आम्हाला अकरा दिवस लागले. नव्या संहितांप्रमाणे आता पगाराचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा असतो, म्हणून प्रत्येकाची उचल आणि रजा महिन्याच्या महिन्याला लिहिलेली हवी. आणि पीएफ पोर्टलवर सोडल्याची तारीख व कारण टाकायला विसरायचं नाही. पूर्वी त्याच्या हालोलच्या मालकाने ती टाकली नव्हती, त्यामुळे काय होतं हे आम्ही पाहिलं होतंच.

पीएफच्या नॉमिनेशनचं, म्हणजे वारस नोंदवायचं, काम अजून पूर्ण नाही. लग्नाआधी आईवडिलांच्या नावाने भरलेलं नॉमिनेशन लग्न झाल्यावर रद्द होतं, हे सांगितल्यावर पाच जण धावत आले. तिघांचं बाकी आहे. दोघांच्या आधारला मोबाइल नंबर जोडलेला नाही, त्यामुळे ओटीपी येत नाही आणि ई-सही होत नाही. त्यांना येत्या शनिवारी अर्ध्या दिवसाची भरपगारी सुट्टी देऊन आधार केंद्रावर पाठवायचं आहे. तिसऱ्याची बायको गोध्र्याला माहेरी आहे, तिचा फोटो यायचा आहे.